अबोली, कोतवाल आणि बुलेट

हाँगकाँगमध्ये बनलेली प्लास्टिकची खेळणी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या किरकोळ दुकानांत पिशवीने मिळायची. नाव प्रागैतिहासिक प्राण्यांचं, पण आत निघायची ती कुठल्याच युगात न जन्मलेली जनावरं. एकाच्या शेपटीला पंखा, दुसऱ्याच्या पाठीवर ढाल, तिसऱ्याला तोंड भलत्याचंच. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावात राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने अशी काही खेळणी घरी आणली आणि आपल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात राक्षस म्हणून उभी केली. एकाचा झाला लोखंड खाणारा 'रस्ट मॉन्स्टर'. दुसरा अर्धं घुबड आणि अर्धं अस्वल असलेला 'आउलबेअर'. उरलेल्या एका ढालवाल्यावर टिम कास्क या संपादकाने १९७६ साली 'द ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्याच अंकात लिहिलं. जमिनीखालून पोहत यावं तसा येणारा, शार्कसारखा पाठीचा पर मातीबाहेर काढणारा हा प्राणी. स्पेलिंग बी, यू, एल, ई, टी, टी, ई. उच्चार काय? कास्कच्या मनात होतं 'बुले', फ्रेंच वाटावं म्हणून. खऱ्या फ्रेंचमध्ये अशा शब्दाच्या शेवटचा 'त' चांगला खणखणीत म्हणतात, म्हणजे मूळ उच्चारच गमतीने केलेला. तो छापला कुठेच नव्हता. त्यामुळे अमेरिकाभर पोरं आपापल्या घरात 'बुलेट', 'ब्युलेट', 'बुलेटी' असं काहीही म्हणत राहिली.

आमच्या टेबलावर तो प्राणी आला तेव्हा 'बुलेट' सोडून दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्रात बुलेट म्हणजे काय ते कुणाला सांगायला लागत नाही. ती दिसायच्या आधी ऐकू येते. गल्लीच्या तोंडाशी धडधड सुरू झाली की खिडकीची काच थरथरते. तेव्हापासून आमची बुलेट जमिनीखालून मुकाट्याने येत नाही. आधी ताटातले फासे हलतात, मग दूरवरून डुगडुग ऐकू येते आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "आली रे बुलेट." पुस्तकात यातलं काहीही नाही. हे सगळं त्या उच्चारातून आलंय. आणि 'आला' नाही, 'आली'. बुलेट स्त्रीलिंगी, म्हणून राक्षसही बाई झाली. पुढे तिला जमिनीखाली पिल्लं निघाली आणि तिला मारायचं की नाही यावर एक अख्खी दुपार वाद झाला.

ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली बाजारात आणला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, खोक्यात हाताने भरलेली. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे बहुतेक वेळा ती मी असते. तलवार लागली की नाही, उडी जमली की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी सगळं तोंडी. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. गुहेत काय आहे ते मी सांगते तेव्हाच ते तिथे असतं.

म्हणून या खेळात उच्चाराला इतकं महत्त्व. सिनेमात राक्षस आधी दिसतो आणि मग त्याचं नाव कळतं. इथे तो तोंडातून येतो. ज्या आवाजात आला, त्या आवाजाचं अंग त्याला मिळतं. इंग्रजी बोलणाऱ्याला 'इट' म्हणून निसटता येतं. मराठीत क्रियापदापर्यंत पोचलं की आला, आली की आलं, हे ठरवावंच लागतं, आणि ठरवायला हाताशी फक्त नावाचा आवाज असतो. म्हणून आमच्या टेबलावर राक्षसांचे स्वभावसुद्धा बरेचसे उच्चारातून घडलेत.

नावं इतकी अवघड का, याचं उत्तर गायगॅक्सच्या वाचनात आहे. तो शाळा अर्धवट सोडलेला माणूस. शिकागोत विमा कंपनीत नोकरी केली, १९७०मध्ये ती गेली, मग घरी बसून जोडे दुरुस्त केले. पण वाचन अफाट. मध्ययुगीन शस्त्रांची यादी, दंतकथांचे कोश, स्वस्त कागदावरच्या साहसकथा, सगळं वाचून काढलेलं. त्यातून वेचलेले शब्द त्याने पुस्तकात ओतले. गुरूसमोर बसून शिकलेल्याला शब्द कानातून मिळतो, एकट्याने वाचणाऱ्याला डोळ्यांतून. या खेळाची सगळी शब्दसंपत्ती डोळ्यांतून आलेली आहे. त्याचं स्वतःचं आडनावसुद्धा बघा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले. आल्प्सच्या बाजूला ते आडनाव 'गी'च्या जवळ जाणाऱ्या आवाजाने सुरू होतं, अमेरिकेत त्याचं 'गायगॅक्स' झालं आणि तेच रूढ झालं.

छापणाऱ्यांचीही गंमत होती. 'नोल' नावाचा एक राक्षस १९७४च्या मूळ पुस्तिकेत आहे. ही कल्पना लॉर्ड डन्सेनी या आयरिश लेखकाच्या एका कथेतून सुचलेली. पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे, पण तिथे छापलंय 'लॉर्ड सनसेनी'. म्हणजे राक्षसाचं सोडा, त्याच्या आजोबांचंच नाव चुकलं होतं. या 'नोल'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'जी' आहे आणि तो मुका आहे. अग्नी, लग्न, विघ्न ही रोजची नावं घेणाऱ्या जिभेला तो मुका ठेवायचं कारणच कळत नाही. आमच्याकडे सगळे बिनधास्त 'ग्नोल' म्हणतात, आणि माझ्या कानाला तो जास्त हिंस्र वाटतो. 'नोल' म्हणजे कुणीतरी नुसता गुरगुरतोय, 'ग्नोल' म्हणजे हाड फुटलंय.

'लिच' हे या खेळातलं फार जुनं नाव. मेल्यावरही जादूच्या जोरावर टिकून राहिलेला मांत्रिक. शब्द प्रेताला जुन्या इंग्रजीत जे म्हणत त्यातून आलेला. इंग्लंडमध्ये चर्चच्या आवाराच्या फाटकाला 'लिचगेट' म्हणतात, तिथे शवपेटी जरा वेळ टेकवायची पद्धत होती. उच्चार 'रिच'ला जुळणारा. पण पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू त्याला 'लिक', 'लिश', 'लाइक' म्हणत आलेत. मला वाटायचं, देवनागरीत लिहिलं की प्रश्न मिटला. मिटत नाही. आमच्यातल्या एकाने पात्राच्या कागदावर नीट 'लिच' लिहिलं आणि पुढच्या वेळी वाचताना च म्हटला 'चाक'मधला, 'चहा'मधला नाही. आपल्या लिपीत दोन्ही च एकाच खुर्चीवर बसतात. तो चाकाचा च लागला आणि मांत्रिकाचं नाव ओल्या चिखलात पाय रुतल्यासारखं झालं. कुणी बदललं नाही. आमचा मांत्रिक आता दलदलीत राहतो.

हा सगळा गोंधळ खेळ छापणाऱ्या कंपनीच्या कानावर होताच. जानेवारी १९८५च्या 'ड्रॅगन' मासिकात, अंक ९३मध्ये, कंपनीतल्याच फ्रँक मेंट्झरने उच्चारांची एक लांबलचक यादी दिली. शीर्षकसुद्धा उच्चाराप्रमाणे स्पेलिंग करून छापलेलं, म्हणजे मोठ्याने वाचल्याशिवाय कळणारच नाही. मला हा माणूस आवडतो. त्याने यादी केली ती कौतुकाने, छडी घेऊन नाही. पण यादी आली तोवर खेळाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि लोकांची जीभ वळून गेलेली होती. जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांना 'ड्राउ' म्हणायचं की 'ड्रो', यावर आजही माणसं हिरिरीने भांडतात. आम्ही 'ड्राउ'वाले.

आता आमच्या टेबलाकडे येते, कारण खरा ऐवज तिथे आहे. आम्ही रविवारी दुपारी जमतो, पुण्यातल्या एका बैठ्या घराच्या पडवीत. फासे स्टीलच्या ताटात टाकायचे, म्हणजे ते दिवाणाखाली जात नाहीत आणि खणखणाट होऊन सगळ्यांना कळतं. मधल्या वेळात पोहे किंवा वडे. माझी भाची नववीत आहे. ती आली तेव्हापासून खेळाला धार आली, कारण तिला प्रत्येक राक्षसाचं नाव स्वतः पुस्तकातून मोठ्याने वाचायचं असतं. पहिल्यांदा जो वाचेल त्याचा उच्चार टेबलावर कायम, असा आमचा नियम आहे.

समुद्राच्या तळाशी राहणारे शार्कवंशी योद्धे असतात. नाव एस, ए, एच, यू, ए, जी, आय, एन. मान्य उच्चार साधारण 'सह्वागिन'. ती अक्षरं मराठी डोळ्यांनी वाचून बघा. तिने एका दमात वाचलं, "सुहागन!" जबडाभर दात, हातात त्रिशूळ, पाण्यातून बाहेर येणाऱ्या सुहागना. टेबलावरचा योद्धा, म्हणजे खऱ्या आयुष्यात बँकेत काम करणारा आमचा दादा, तलवार उपसायचं सोडून म्हणाला, "आधी हळदीकुंकू विचारा." मग सुहागनांच्या राणीशी लढाईऐवजी बोलणी झाली, ओटी भरण्यात आली, नारळ म्हणून समुद्रातल्या एका गोल दगडाचा मान झाला. फासा टाकून बघितलं, वीस पडले. राणी प्रसन्न झाली. माझी आखलेली लढाई बाजूला राहिली आणि त्याहून सुंदर काहीतरी घडलं.

पंख असलेला एक साप असतो, सज्जन आणि शहाणा. नावाचा उगम मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेत. त्या भाषेत 'कोआत्ल' म्हणजे साप, केत्झलकोआत्ल या देवाच्या नावात तोच आहे. नावाट्ल आजही लाखो लोक बोलतात आणि शेवटचा 'त्ल' त्यांच्यासाठी एकच आवाज आहे. इंग्रजी जीभ तिथे नेहमी अडखळते. आमची अडखळली नाही, सरळ 'कोतवाल'वर जाऊन बसली. हे मला विलक्षण वाटतं. कारण या राक्षसाचं काम देवळं आणि पवित्र जागा राखण्याचं, म्हणजे कोतवालीचंच. शिवाय काळा कोतवाल हा आपल्याकडचा पक्षी. दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्याहून मोठ्या घारीच्या अंगावर धावून जाणारा. पंखवाल्या सापाला याहून चांगलं नाव बसून विचार करून सुचलं नसतं.

सगळे उच्चार असे जमत नाहीत. मांता माशासारखे सपाट, दुष्ट जीव असतात, स्पेलिंगमध्ये दोन एक्स आणि शेवटी पुन्हा तोच 'टी-एल'. मान्य उच्चार 'इक्झिट्झाचिटिल'च्या आसपास. पुण्यात त्याचं चितळे न होणं अशक्य होतं. हसून झालं, पण नंतर त्या जीवाची भीती कुणालाच वाटेना, बिचारा बाद झाला. कचरा खाणारा, तीन पायांचा 'ऑट्यग' आमच्याकडे 'ओत्युग' झाला आणि सत्ययुगापासून कलियुगापर्यंत मोजून पुढचं पाचवं युग ठरला. तेवढंच त्याचं कौतुक.

तरसाचा घोळ मात्र अजून सुटलेला नाही. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी तारास्कों नावाचं गाव आहे. तिथल्या दंतकथेत सिंहाचं डोकं, कासवाची पाठ आणि सहा पाय असलेला 'तारास्क' नावाचा राक्षस आहे. सेंट मार्थाने त्याला शांत केलं, कमरपट्ट्याने बांधून गावात आणलं आणि घाबरलेल्या लोकांनी त्याला मारून टाकलं. गाव अजून त्याची मिरवणूक काढतं. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या अशा मिरवणुकींना युनेस्कोने २००५ साली मान दिला, त्यात हाही आहे. १९८३मध्ये तो खेळात आला, स्पेलिंगमध्ये एक 'आर' जास्त घेऊन आला आणि सगळ्यांत भयंकर राक्षस झाला. आमच्या टेबलावर तो 'तरस' झाला. आता 'ग्नोल' हे तरसाच्या डोक्याचे. त्यामुळे मी "समोर तरस उभा आहे" म्हटलं की अर्धे जण सुस्कारा सोडतात आणि अर्धे जण पळतात.

यात माझी सगळ्यांत लाडकी अबोली. हिचं स्पेलिंग ए, बी, ओ, एल, ई, टी, एच. १९८१ साली एका साहसपुस्तिकेत ती पहिल्यांदा आली. मान्य उच्चार 'ॲबोलेथ', पहिल्या अक्षरावर जोर. भलामोठा माशासारखा देह, एकाखाली एक असे तीन डोळे, अंगभर बुळबुळीत चीक, मिशांसारखे लांब हात. माणसाचं मन ताब्यात घेते. तिचा हात लागला की कातडी पातळ आणि ओली होत जाते, मग माणसाला हवेत जगता येत नाही, पाण्यातच राहावं लागतं. भाचीने पान उघडलं, चित्राकडे न बघता नाव वाचलं आणि म्हणाली, "मावशी, हिचं नाव अबोली आहे." सगळे हसले. मी नियमाप्रमाणे पुढे सुरू केलं. गुहेतलं तळं, काळं पाणी, कडेला शेवाळ. आणि डोक्यात एक आवाज. मी आवाज काढू गेले आणि ते नाव मध्ये आलं. अबोली ओरडणार कशी? मी काहीच बोलले नाही. फक्त भाचीकडे बघितलं आणि हळूच हात पुढे केला. तिच्या पात्राचं मन ताब्यात गेलं होतं, ते तिला न सांगता कळलं. तिने फासा टाकला, ताट खणखणलं, चार पडले. ती उठून पडवीच्या पायरीपर्यंत चालत गेली, जणू तिथे पाणी आहे. कुणीही हसलं नाही. वेणीत माळायच्या नाजूक केशरी फुलाचं नाव त्या तीन डोळ्यांच्या जनावराला लागलं आणि मी इतकी वर्षं वाचलेल्या वर्णनापेक्षा ते कितीतरी भयंकर झालं. 'ॲबोलेथ'ने हे घडलं नसतं, याची मला खात्री आहे.

आता उलट्या बाजूचं. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आर, ए, के, एस, एच, ए, एस, ए असा एक राक्षस आहे. चित्रात वाघाचं तोंड, अंगात साहेबी घरगुती कोट, हातात चिलीम, आणि मजकुरात लिहिलंय की हे दुष्ट आत्मे प्रथम भारतात आढळले आणि आता पसरत आहेत. मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की हा मरतो. पुढच्या चित्रांत त्याचे तळहात उलटे दाखवतात. अमेरिकन टेबलावर त्याला 'रक्‌शासा' म्हणतात, 'शा'वर जोर देऊन. आपल्या कानाला तो शेवटचा आकार फार मजेशीर लागतो. मराठीत 'राक्षसा' म्हणजे हाक. "राक्षसाने वार केला" ठीक, पण "रक्‌शासा खोलीत येतो" असं कुणी म्हणालं की वाटतं, डीएम त्याला आर्जवाने बोलावतोय, ये रे राक्षसा, बस जरा.

आमचा एक मित्र न्यू जर्सीत असतो. तिथल्या गटात खेळताना त्याने सहज 'राक्षस' म्हटलं आणि तिथल्या डीएमने त्याला सुधारलं, अगदी सभ्यपणे, मदत म्हणून. मित्र गप्प बसला. दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाला, "अगं, आजीने भरवताना ज्याच्या गोष्टी सांगितल्या, त्याचं नाव मला शिकवलं." त्याच्या आवाजात राग कमी, नवल जास्त होतं. मला त्या डीएमचा राग आला नाही, अजूनही नाही. त्याने तो शब्द पुस्तकात वाचला, पहिल्यांदा उच्चारला आणि त्याच्या टेबलाने तो स्वीकारला, जसा आम्ही कोतवाल स्वीकारला. नावाट्ल बोलणारं कुणी आमच्या पडवीत येऊन बसलं, तर त्यालाही नवल वाटेल. मात्र तो जर म्हणाला की आमच्या घरी सापाला असं म्हणतात, तर तो उच्चार ऐकायला मी खेळ थांबवेन आणि पुन्हा पुन्हा म्हणून बघेन. एवढी अपेक्षा मी न्यू जर्सीच्या टेबलाकडूनही ठेवते.

त्या परत आलेल्या उच्चाराचा आम्हाला उपयोगही झाला. मराठीत सगळेच राक्षस. त्यामुळे "राक्षस आला" म्हटलं की कुठला ते कळेना. मग वाघतोंड्याला आम्ही अमेरिकनांचाच उच्चार दिला. आता टेबलावर "राक्षसा आला" म्हणजे तो कोटवाला, आणि बाकीचे नुसते राक्षस. आपला शब्द सातासमुद्रापार जाऊन शेवटी आकार लावून परत आला आणि आमची अडचण सोडवून गेला.

चुकीच्या वाचनातून काय जन्माला येऊ शकतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण याच खेळात बसलेलं आहे. दोन माकडतोंडं आणि हातांच्या जागी सोंडेसारखे वळवळणारे हात असलेला राक्षसांचा राजा, डेमोगॉर्गन. १९७६ साली तो खेळात आला. २०१६नंतर एका अमेरिकन मालिकेमुळे तो ज्यांनी कधी फासा हातात धरला नाही अशा घरांतही पोचला. पण नाव त्याहून फार जुनं आहे. एका लॅटिन महाकाव्यावर पुरातन काळात कुणीतरी टीपा लिहिल्या. तिथे 'डेमिउर्ज', म्हणजे विश्व घडवणारा, या ग्रीक शब्दाचं रूप असावं आणि नकलेत ते बिघडून 'डेमोगॉर्गन' झालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकात बोकाचिओने त्याला सगळ्या देवांचा मूळपुरुष म्हणून ग्रंथात बसवलं. पुढे मोठमोठ्या इंग्रजी कवींनी त्याचं नाव घेतलं. त्याची ना पूजा होती, ना देऊळ, ना मूर्ती. एका लेखनिकाची लेखणी घसरली आणि त्या घसरण्यातून एक दैत्य उभा राहिला. मला ही हकिकत कळली तेव्हा आमच्या अबोलीबद्दल माझा अभिमान वाढला.

म्हणूनच आता मला जरा घाई वाटते. पूर्वी प्रत्येक टेबल एक बेट होतं. मार्च २०१५पासून आवाजाचं काम करणारे कसलेले अमेरिकन कलाकार हा खेळ कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास खेळताना दिसू लागले, आणि जगभर लोक ते बघतात. २०२३मध्ये 'बॉल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम आला. त्यात 'गिथयांकी' हे एका लढवय्या जमातीचं नाव इतक्यांदा ऐकू येतं की नवीन पोरांना वेगळा उच्चार सुचतच नाही. ऐकून शिकणं वाईट नाही. त्या कलाकारांवर माझं प्रेम आहे, त्यांच्यामुळे माझ्या भाचीला हा खेळ कळला. पण तिच्या वर्गातली मुलं पुस्तक उघडायच्या आधी उच्चार घेऊन येतात. त्यांच्या टेबलावर सुहागना येणार नाहीत. सह्वागिन येतील, नीट, बरोबर, आणि लढून मरतील.

तेव्हा मी आमची नावं वहीत उतरवायला घेतली आहेत. डावीकडे इंग्रजी स्पेलिंग, मधे आमचा उच्चार, उजवीकडे लिंग आणि त्या उच्चारामुळे त्या राक्षसाचं काय झालं ते. नागपूर, कोल्हापूर, पणजी, न्यू जर्सी, जिथे कुठे मराठी टेबल असेल त्यांनी आपापली वही करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. पहिला उच्चार कुणी केला तेही लिहा. नंतर भांडणं होतात.

वहीत एक ओळ अजून रिकामी आहे. चालता-बोलता झाडपुरुष. मुळात या खेळाने त्याला 'एंट' म्हटलं होतं, पण तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनचा शब्द, त्याच्या बाजूने हक्कांची हरकत आली आणि १९७७च्या सुमारास हॉबिटचा 'हाफलिंग', बॅलरॉगचा 'बॅलोर' झाला तसा एंटचा 'ट्रीअंट' झाला. की 'ट्रेंट'? स्पेलिंग दोन्ही होऊ देतं. दादा 'ट्रेंट'वर अडून बसलाय, भाची 'ट्रीअंट' सोडायला तयार नाही, दोघं एकदमच बोलले होते म्हणून पहिल्या वाचकाचा नियम लागू होत नाही. गेल्या रविवारी मतं घेतली, समसमान पडली. मग आतून चहा घेऊन आलेल्या आईने विचारलं, कशावरून चाललंय, आणि चित्र बघून म्हणाली, "हा तर झाडोबा." म्हसोबा, खंडोबा, झाडोबा. दादा आणि भाची दोघंही गप्प झाले. आता येत्या रविवारी तीन नावांवर मत घ्यायचंय, आणि आई खेळत नसली तरी तिलाही मत द्यायचं की नाही, हे आधी ठरवावं लागणार आहे.